पाटणादेवीच्या रानात, केदारकुंडाच्या वाटेवर

खानदेश म्हटलं की केळी, कापूस, वांग्याचं भरीत आणि अंगाची लाही करणारा उन्हाळा, एवढंच बाहेरच्यांना ठाऊक असतं. ‘तुमच्याकडे कसला आलाय धबधबा!’ असं कुणी पुण्याची पाहुणी नाक उडवून म्हणाली, तर तिला श्रावणात चाळीसगावला बोलवा. तिथून अठराएक किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचं रान आहे आणि त्या रानाच्या पोटात केदारकुंड.

जायला फारसं अवघड नाही. जळगावहून सकाळची गाडी धरलीत तर न्याहारीच्या वेळेला तुम्ही चाळीसगावात. धुळ्याच्या भगिनींना तर शाखामार्गाची गाडी सरळ तिथेच आणून सोडते. पुढे पाच-सहाजणींनी मिळून जीप करावी, परतीची काळजी राहत नाही. हे रान १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतं. नाक्यावर नावं लिहून, पैसे भरून आत जायचं. बिबट्या आहे बरं का! म्हणून दिवस मावळायच्या आत बाहेर.

खरी अडचण वाटेची नसतेच, घरची असते. आमच्या भिशीच्या आम्ही सहाजणी. ‘दुपारचं जेवण कोण वाढणार?’ हा प्रश्न सहाही घरांत निघाला, आणि सहाही घरांत ‘कुकर तुम्हीच लावा’ या उत्तराने तो सुटला. आमच्यातल्या काकू साठीच्या. लग्न, बारसं आणि देवदर्शन याखेरीज त्यांनी उभ्या जन्मात घर सोडलं नव्हतं. घरी त्यांनी देवीला जाते म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं, पण गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “देवी तर बघीनच. पण मला धबधबा बघायचाय.”

आधी देवी. चंडिकादेवीच्या दर्शनाला गर्दी असते. पण अलीकडचं महादेवाचं देऊळ बहुतेकजण लांबूनच हात जोडून सोडून देतात. तुम्ही मात्र थांबा. इथे शके १०७५ चा, म्हणजे ११५३ सालचा शिलालेख आहे. निकुंभ घराण्यातला इंद्रराज हे शिवमंदिर बांधायला घेऊन वारला, मुलगा गोवन लहान. तेव्हा राणी श्रीदेवीने राज्याचा कारभार हाती घेतला. आमच्या वहिनी त्या खांबांवरून हात फिरवत म्हणाल्या, “आणि आपल्याला एक दिवसाची रजा मिळायला मारामार!”

दुसरा लेख याहून प्रसिद्ध. देवीच्या देवळातला, भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये जगापुढे आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, त्याला १२०७ च्या सुमारास निकुंभ राजाने दान दिलं. लेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे आणि तो अगदी आपल्या घरातला वाटतो: गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला एक एक पळी तेल! आठशे वर्षं झाली, पळी अजून आपल्या फोडणीपाशीच आहे. लीलावतीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. घटिकापात्रात मोती पडला, पाणी अडलं आणि बिचारीचा मुहूर्त टळला. ती आली फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांचं जन्मगाव हेच की दुसरं, हा वाद विद्वानांनी घालावा. पण त्यांचं गणित इथे शिकवलं जायचं, हे दगडावर कोरलेलं आहे.

तिथून केदारकुंडाची पायवाट ओढ्याच्या काठाकाठाने रानात शिरते. साग, पळस आणि सीताफळीची दाटी. पायात चपला नकोत, मागे पट्टा असलेली किंवा बंद पादत्राणं हवीत. शेवाळलेल्या काळ्या दगडावर गुळगुळीत तळवा म्हणजे कंबर गेलीच. वाटाड्या सोबत घ्यावा. आम्ही पाटण्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींना घेतलं. त्या अनवाणी पुढे, आम्ही बुटांत धापा टाकत मागे!

कुंडाचा घुमारा ऐकू यायला लागला, आता फक्त ओढा ओलांडायचा होता. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता. धाकट्या मैत्रिणीने पाय उचलला आणि मावशींनी तिचा दंडच धरला. “पानी गढूय व्हयनं माय, आते जावानं नही.” आम्हाला काहीच दिसेना. मग दिसलं: एका कडेने चहासारखी तांबूस रेघ, तिच्यात पालापाचोळा.

या डोंगरांचं गणित असं आहे. पाऊस वर कन्नडच्या पठारावर पडतो, खाली ऊन असलं तरी. कातळ पाणी पीत नाही, ते सगळं घळीतून एकदम खाली येतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगरात इतका पाऊस कोसळला की कन्नडच्या घाटात दरडी आल्या आणि तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगाव बुडालं.

“दोन मिनिटांचं तर काम, हातात हात धरून जाऊ,” धाकटी अजून म्हणतच होती. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं, कारण धबधबा खरा त्यांचा होता. त्या म्हणाल्या, “मला पोहता येत नाही आणि तुलाही येत नाही. चल वर.”

आम्ही उंचावरच्या कातळावर चढून बसलो. पाव तासात ते दगड, ज्यांवरून आम्ही जाणार होतो, दिसेनासे झाले. ओढा गुरासारखा डरकत होता. कुंड काही दिसलं नाही; पण झाडांच्या शेंड्यांवरून काळ्या कड्यावर धबधब्याची वरची धार दिसत होती. मघा पांढरी असलेली ती आमच्या डोळ्यांदेखत तांबडी झाली. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि अर्धा तास तिथून नजर हलवली नाही. कुणी बोललं नाही. मावशींनी मात्र माकडांना हाकलत आमच्या पिशव्या राखल्या.

जेवण देवळाशी येऊन झालं. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि घरची केळी. डब्यात रसभाजी नेऊ नका, चढावर झाकण सुटतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड जीपमध्येच ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून नेऊन मोजून परत आणा.

हा धबधबा पावसाळ्यापुरताच. पाऊस ओसरून दोन-चार दिवस उघडीप झाली की मगच निघावं, तेव्हा धारही असते आणि ओढाही निवळलेला असतो. सीताफळं पिकतात ती पुढे दिवाळीच्या सुमारास, पण तोवर धार बारीक झालेली असते. काकूंनी गाडीतच भाद्रपदातली तारीख ठरवून टाकली. या वेळी घरी काय सांगायचं, असं आम्ही विचारलं. “धबधब्याला जाते म्हणून सांगेन,” त्या म्हणाल्या.