चावी सोडली की बंद

बँकेत नवा मॅनेजर बदलून आला, की त्याला खुर्चीवर बसायला पाच मिनिटे पुरतात. कपाटाची किल्ली कोणाच्या खणात असते आणि चहा कोणाला सांगायचा, हे कळायला मात्र सहा महिने जातात. जुन्या मोटारीत दुसरे इंजिन बसवले की नेमके हेच होते. इंजिन साखळीने उचलून आत सोडणे हे दोन दिवसांचे काम. पुढचे सगळे दिवस वायरींचे.

आमच्या घरी 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. 'आमच्या' म्हणायची पद्धत; गाडी वडिलांची. विमा, पेट्रोल आणि ढकलणे एवढी खाती माझ्याकडे. तिच्या मूळच्या 1089 सीसीच्या इंजिनाला तडा गेला, तेव्हा मिस्त्रींनी 118 एनई या गाडीचे इंजिन सुचवले. ही त्याच कंपनीने 1985 साली काढलेली गाडी. तिचे इंजिन निसानच्या घडणीचे, 1171 सीसीचे. म्हणजे आता अंग इटालियन, काळीज जपानी आणि मालक सातारचा!

इंजिन बदलले की ते नोंदणीपुस्तकात चढवावे लागते. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीचे दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरणही नेमके त्याच महिन्यात आले होते. आर. टी. ओ.ची तारीख मिळाली मंगळवारची. भंगारवाला तोवर दोनदा येऊन टायरला लाथ मारून भाव सांगून गेला होता. आणि वडील, वय वर्षे एक्याऐंशी, रोज सकाळी पेपर घेऊन त्या बंद गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसत. "बसायला इंजिन लागत नाही," असे ते म्हणत. भंगारवाल्याला 'नको' म्हणायची पाळी माझ्यावर येई ती त्यामुळेच.

शनिवारी गाडीने आपला आजार जाहीर केला. चावी फिरवून धरली की सेल्फ फिरे, इंजिन पेट घेई, आवाज असा गोड की मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी यावे. आनंदाने चावी सोडावी, तर ठप्प. पुन्हा धरावी, पुन्हा चालू. सोडली, बंद. हा स्वभाव मला अपरिचित नाही. साहेब टेबलाशी उभे आहेत तोवरच पेन चालणारे आमच्या शाखेत तिघे आहेत.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, माणूस आजारी पडला की निदान एकाचे आणि औषधे दहांची. शेजारच्या काकांनी प्लग बदलायला सांगितले. सौ.च्या मावसभावाने कॉन्डेन्सर. किराणा दुकानदाराने पेट्रोलपंप, आणि त्याच्याकडे तर सायकल आहे. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा. ताळा जमत नाही म्हणून आम्ही नव्या वह्या आणत नाही. आधी फरक काढतो. फरकाला नवाने भाग गेला, की कोणीतरी 54 चे 45 लिहिले असणार असा संशय घेतो. चूक कुठे शोधायची ते फरकच सांगतो.

इथे फरक होता चावी धरण्यात आणि सोडण्यात. इंजिन पेट घेते, त्या अर्थी ठिणगी पडते. म्हणजे प्लग, पॉइंट, कॉन्डेन्सर, कॉइल सगळे निर्दोष. मग चावी सोडताच थांबते काय? तर कॉइलचा करंट. या इंजिनाच्या कॉइलला तो दोन वाटांनी पोचतो. रोजचा करंट चिनी मातीच्या एका ठोकळ्यातून, म्हणजे रेझिस्टरमधून, कमी होऊन येतो. सेल्फ फिरताना मात्र बॅटरीवर ताण येऊन व्होल्टेज उतरते, म्हणून तेवढ्यापुरती ठोकळा वगळून थेट जाणारी एक आडवाट असते. चावी सोडली की आडवाट बंद, राजमार्ग सुरू. आमची आडवाट मिस्त्रींनी स्वतः ओढलेली, नवीकोरी. राजमार्ग 1984 चा.

"कशाला डोकं पिकवता साहेब? डायरेक्ट देतो," मिस्त्री म्हणाले, आणि बॅटरीपासून कॉइलपर्यंत त्यांनी एक लाल वायर टाकली. इंजिन चालू राहिले! इतके की चावी काढून खिशात घातली तरी चालूच. बँकेत याला सस्पेन्स खाते म्हणतात. न जमणारी रक्कम तिथे टाकली की ताळा जमतो आणि ऑडिट येईपर्यंत झोप लागते. इथले ऑडिट म्हणजे बारा व्होल्ट सरळ पोटात गेल्याने तापणारी कॉइल आणि जळणारे पॉइंट. शिवाय इंजिन बंद करायला दरवेळी बॉनेट उघडायचे. मी ती वायर काढायला लावली. मिस्त्री तासभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग टेस्ट लॅम्प काढला. छोटा दिवा, दोन वायरी. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरे संशयिताला. चावी चालू ठेवून कॉइलपाशी टोक लावले: अंधार. ठोकळ्याच्या अलीकडे: अंधार. चावीच्या मागे: लख्ख उजेड. म्हणजे गुन्हेगार मधल्या दीड हातात, डॅशबोर्डखाली.

तिथे जायचे तर डोके ब्रेकपाशी आणि पाय पाठीच्या जागी. चाळीस वर्षांत लाल, निळ्या, पिवळ्या सगळ्या वायरी एकाच मळकट रंगाच्या झालेल्या. चाचपडताना काळ्या चिकटपट्टीची जाड गाठ हाताला लागली.

"ते टेपवाल्याचं काम," वरून पेपराआडून आवाज आला. "1991 साली टेपरेकॉर्डर बसवला ना, तेव्हा वायर तोडून नुसता पीळ दिला होता त्यानं. मी तेव्हाच म्हटलं होतं, सोल्डर कर."

नव्या इंजिनाची कॉइल वीतभर पलीकडे बसली होती. वायर तिथवर पुरावी म्हणून मिस्त्रींच्या पोऱ्याने ती ओढली, आणि पीळ सुटला. पट्टी मात्र तशीच! बाहेरून संसार अखंड, आत दोघे वेगळे. जोड कापला, तेवढ्याच जाडीची नवी वायर सोल्डर करून घातली, वीतभर जास्तीची. खर्च चहासकट एकशेवीस रुपये.

मंगळवारी आर. टी. ओ.च्या आवारात इन्स्पेक्टरसाहेबांनी इंजिनाचा नंबर टिपला आणि म्हणाले, "चालू करा." मी चावी फिरवली. इंजिनाने पेट घेतला. मी चावी धरूनच. सेल्फ आतून किंचाळू लागला.

"अहो, सोडा की ती!" साहेब म्हणाले.

"सोड रे," पुढच्या सीटवरून वडील म्हणाले, आणि पेपराचे पान उलटले.