खाऱ्या समुद्राचे गोडे पाणी

कोचीहून बोटीने लक्षद्वीपातल्या कवरत्ती बेटावर उतरलो, की डोळे निवतात. घशाची मात्र पंचाईत! चोहीकडे पाणी, पण पिण्याजोगे थोडेच. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसे, तरंगून राहते. विहिरींचा उपसा वाढला, की ही साय मोडते आणि पाणी मचूळ होते.

2005 साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने इथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला. मी मुद्दाम तो पाहायला गेलो. भट्टी नाही, धूर नाही! बंद टाकीतली हवा उपसून दाब इतका उतरवतात, की सुमारे 28 अंशांच्या पाण्याचीही थोडी वाफ होते. मीठ मागे राहते. त्या वाफेचे पुन्हा पाणी करायला सुमारे 350 मीटर खोलवरचे गार पाणी नळाने वर आणतात.

रोज 1 लाख लिटर ही त्याची क्षमता. 2011 च्या जनगणनेत बेटाची वस्ती 11 हजारांवर होती. म्हणजे माणशी जेमतेम 9 लिटर. तहानेला आणि भाताच्या आधणाला एवढे पुरेल. आंघोळीला, धुण्याला विहीरच हवी. शिवाय पंपांना वीज लागते, आणि बेटावरची वीज मुख्यतः बोटीने आलेल्या डिझेलची.

तेव्हा वाचकहो, तिकडे गेलात तर नळ वाहता सोडू नका. यंत्राने तहान भागेल. पण विहिरीतली साय टिकली, तरच बेटावर संसार टिकतील.