दुखणारच की गं!

मागच्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारची रात्र, कर्जत लोकल. बदलापूर गेलं आणि पोटात अशी कळ आली की वांगणी, शेलू, नेरळ काही दिसलंच नाही. लोकलला टॉयलेट नाही, कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडायची होती ती वेगळीच. शेजारच्या काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पहिला दिवस का? दुखणारच की गं. लग्न झालं की थांबेल."

हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. आईनेही तिच्या आईकडून ऐकलेलं!

पण त्या रात्रीनंतर वैतागून कर्जतच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, कधी सुरू होतं? किती तास? पाळी नसताना दुखतं का? गोळी कधी घेतेस? माझं उत्तर, "खूप दुखतं हो." बास. ऑफिसात सर्व्हर पडला की आधी लॉग बघणारी मी, स्वतःच्या पोटाचा लॉग एकदाही ठेवला नव्हता.

तीन महिने ठेवला. तेव्हा कळलं, मी गोळी घ्यायचे ती उलटी झाल्यावर. आता गंमत बघा. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. त्याने गर्भाशय आवळतं, रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून कळा. तेच आतड्यालाही डिवचतं, म्हणून जुलाब. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, झालेलं पुसून टाकत नाहीत. म्हणजे गोळी सुरुवातीलाच हवी, काहीतरी खाऊन, आणि डॉक्टरांना विचारून. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचाराच. सोबत गरम पाण्याची पिशवी. माझं दुखणं दहापैकी नऊवरून तीनवर आलं.

असो. हाच लॉग मी कडावच्या मामेबहिणीला ठेवायला लावला. तिचा वेगळाच निघाला. पाळीच्या आधी चार दिवस दुखतं, शौचाला दुखतं, दर महिन्याला जास्त. सोनोग्राफी नॉर्मल. तरी डॉक्टरबाईंनी पुढे पाठवलं आणि निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढणं. जगात दहातल्या साधारण एकीला असतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बग नाही, असं नसतं तर!

तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, पिशवी काढतील का?" भीती उगाच नव्हती. बीडमध्ये 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. आधी "दुखणारच की", आणि मग एकदम "काढून टाका". मधलं काहीच नाही.

मामेबहिणीला हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. परवा ती पाळीच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली.

तर मंडळी, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, गोळीने थांबत नसेल, तासाभरात पॅड भिजत असेल, तर थांबू नका. आजच एक वही काढा. आणि लोकलमध्ये शेजारी कोणी पोट धरून बसली असेल तर पाणी जरूर द्या... फक्त ते लग्नाचं वाक्य तेवढं नको.