रानडुकराची निवृत्ती

कुरूपपणाला बक्षीस देण्याची प्रथा असती, तर अमेरिकेच्या ए-10 विमानाला ते केव्हाच मिळाले असते. सरळसोट पंख, शेपटीजवळ पाठीवर बसवलेली दोन इंजिने आणि नाकातून डोकावणारी सात नळ्यांची तोफ! सैनिकांनी त्याचे नावच ‘वॉर्टहॉग’, म्हणजे रानडुक्कर ठेवले. 1972 साली ते प्रथम उडाले. 1984 नंतर नवे बांधलेच नाही.

2014 साली अमेरिकन हवाई दलाने ही सारी विमाने निवृत्त करण्याचा प्रस्ताव मांडला. विमान मंदगती आहे, आधुनिक क्षेपणास्त्रांपुढे टिकणार नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण तिथल्या संसदेने ते अडवले. जमिनीवरच्या शिपायाचा जीव या विमानावर होता. 2003 साली बगदादवर कॅप्टन किम कॅम्पबेल या बाईंच्या विमानाची चाळण झाली. सुकाणूची, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बंद पडली. नुसत्या तारांच्या आणि मनगटाच्या जोरावर तासभर विमान हाकून त्या सुखरूप उतरल्या!

मी पडलो शाळामास्तर. निवृत्तीचे हारतुरे पुष्कळ पाहिले. हिशेब कचेरी करते; ‘उद्यापासून तुला गणित कोण समजावणार?’ असे मागच्या बाकावरच्या पोराला कोणी विचारीत नाही. या वादाचे मर्मही तेच. 2023 मध्ये संसदेच्या संमतीने ही विमाने थोडी थोडी निवृत्त होऊ लागली. होवोत बापडी, म्हातारपण कोणाला चुकले आहे? मात्र मातीत पालथा पडलेला शिपाई हाक मारील, तेव्हा ‘ओ’ कोण देणार, हे आधी ठरायला हवे.