आधी बोटं, मग चाक

मातीकाम शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी चाकावर बसवावं, असं माझं पक्कं मत होतं. फिरता गोळा मध्यावर आणता आला की बाकीचं आपोआप येतं, असं मी हिरिरीने सांगत असे. चिमटून केलेली वाटी, वळ्या रचून केलेलं भांडं, मातीच्या पाट्या जोडून केलेला डबा ही शाळकरी मुलांची कामं वाटायची. शिवाय आपली परंपरा कुंभाराच्या चाकाची, हा माझा हुकमी मुद्दा होता. माझं मत बदलायला सुरुवात झाली ती नेमकी तिथूनच.

कुंभाराला माठ घडवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं. चाकावर तो तोंड आणि गळा पुरा करतो, पण खालचं अंग जाडच ठेवून भांडं उतरवतो. माती जरा आवळली की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापटत पोट फुगवायचं, बूड गोल करायचं. पाणी गार ठेवणारी ती पातळ, झिरपणारी भिंत तयार होते थापीखाली. मणिपूरमधल्या लोंगपीची काळी भांडी तर चाकाशिवायच घडतात. नायजेरियाच्या लादी क्वाली 1950च्या दशकात ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यांच्या अबुजाच्या मातीकाम केंद्रात आल्या, तिथे चाकही शिकल्या. पण त्यांची ख्याती झाली ती वळ्या रचून उभ्या केलेल्या मोठ्या रांजणांमुळे. आज त्यांचं चित्र तिथल्या 20 नायराच्या नोटेवर आहे. याला पोरखेळ कसं म्हणणार?

मग माझ्या वर्गाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. चाकावरचा नवशिका वेगाशी झुंजत असतो. मातीकडे लक्ष द्यायला त्याला उसंतच नसते. वाटी चिमटताना मात्र अंगठा आत, बोटं बाहेर, आणि भिंतीची जाडी थेट हाताला कळते. कडेला चीर पडली की माती सुकतेय हे समजतं. पेल्याला कान जोडताना दोन्ही भागांवर ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल, म्हणजे स्लिप, लावावा लागतो. त्यातही एक भाग ओला आणि दुसरा सुका असेल, तर दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि सांधा उघडतो. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण 10 ते 12 टक्के आकसते, हा आकडा असा सांधा हातात आल्यावरच खरा वाटतो. भट्टीत भांडं फुटलं की सगळे हवेच्या बुडबुड्याला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा जाड भागात राहिलेली ओल. तिची वाफ होते आणि तीच भिंत फोडते. म्हणून भांडं पूर्ण सुकू द्यावं आणि पाणी उकळण्याच्या तापमानापर्यंत भट्टी अगदी सावकाश चढवावी.

ग्लेझच्या बाबतीतही मी असाच सरकलो. पूर्वी मी नवशिक्यांना तयार ग्लेझ द्यायचो आणि रंगासारखं लावायला सांगायचो. पण ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. सिलिका ती काच घडवते, फेल्डस्पार आणि खडू तिला वितळवायला मदत करतात, आणि चिनी मातीतलं अ‍ॅल्युमिना तिला ओघळू देत नाही. हे फळ्यावर शिकवून कुणाला पटत नाही. आता प्रत्येकजण स्वतःच्या मातीच्या छोट्या पट्ट्या करतो. सुमारे 1000 अंशांवर पहिली भाजणी झाली की पट्टी पाणी शोषते; ग्लेझमध्ये क्षणभर बुडवली तरी पुरेसा थर बसतो. एक पट्टी एकदा, दुसरी दोनदा बुडवायची आणि उभीच भाजायची. जाड थर खाली ओघळलेला डोळ्यांनी दिसला, की पेल्याचं बूड का पुसून कोरडं ठेवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. नाहीतर काच भट्टीच्या फळीलाच चिकटते.

जुन्या मतातलं एक मी सोडलेलं नाही. चाकासारखा आनंद नाही. मला स्वतःला तो रोज हवा असतो, आणि बरेचजण त्यासाठीच येतात, हेही मला ठाऊक आहे. त्यामुळे फी घेण्याआधीच मी सांगतो की चाक नंतर मिळेल. काहीजण परत जातात. वाईट वाटतं, पण जे थांबतात ते चाकावर बसतात तेव्हा त्यांना भिंत कुठे जाड राहिली हे बोटांनीच कळतं, आणि मला मध्ये हात घालावा लागत नाही.