वकिलाला काय सांगायचं

कोल्हापूर

ती. वहिनींस,


दादाचं प्लास्टर निघालं, पण गुडघा अजून पुरता वाकत नाही, हे तुमच्या पत्रातून कळलं. दवाखान्यात येऊन गेलेल्या त्या माणसाबद्दल तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर आधी देतो. "सगळं आमच्यावर सोपवा, मिळेल त्यातले तीस टक्के आमचे" असं म्हणून त्याने ठेवलेल्या कोऱ्या कागदांवर दादाने सही करू नये. निकालावर फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा मागणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार करता येत नाही. माणसं पाठवून अशील गाठणंही नियमात बसत नाही. तरीही हे सर्रास चालतं, कारण अपघात झालेल्या घरात त्या घडीला पैसा नसतो आणि विचार करायला सवडही नसते. फीचा आकडा ठरवून घ्यावा, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. तेही परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना ती अटही नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा असतो.

वकील मात्र हवाच. दादाची मोटारसायकल अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. विमा कंपनीचं पहिलं म्हणणं हेच असणार की वाहन तर उभं होतं, चूक मागून येणाऱ्याची.

हा मुद्दा जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्याच महामार्गावर घडलं. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बेंगळुरू रस्त्यावर सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ ट्रकची धडक बसून पेट्रोलचा टँकर उलटला. पेट्रोल गळत राहिलं, उजाडल्यावर गावकरी जमले आणि सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. त्यात गेलेल्या एका माणसाच्या आईने कोणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी त्या काळातली रक्कम मागितली; ती होती १५ हजार रुपये. मोटार अपघात दावा प्राधिकरणाने अर्ज फेटाळला. टँकर कित्येक तास निपचित पडून होता, मग हा स्फोट वाहनाच्या वापरातून कसा झाला, असा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. टँकरमालक आणि विमा कंपनीने ते प्रकरण दिल्लीला नेलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाहन चालू असतानाच ते वापरात असतं असं नाही. बंद पडलेलं, उलटलेलं वाहनही त्यात येतं. पंधरा हजारांसाठी ती बाई आणि तिचे वकील चार वर्षं उभे राहिले. आज देशभरात उभ्या वाहनांच्या दाव्यांत त्या निकालाचा आधार घेतला जातो.

पण एवढ्याने दादाचं काम भागत नाही. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ती डांबरावरच उभी होती, या गोष्टी घटनास्थळ पंचनाम्यात आहेत का, ते आधी बघा. नसतील आणि त्या रात्री कोणी मोबाईलवर फोटो काढले असतील, तर ते आजच मागून घ्या. दादाची थोडी चूक धरली गेली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाते. ट्रॅक्टरचा विमा आणि ट्रॉलीचा विमा वेगवेगळे असू शकतात. दोन्हींचे कागद वकिलाने पोलिसांकडून मिळवायला हवेत. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा बजावलंय. अहवाल गेला का, हे विचारायला संकोच करू नका. १ एप्रिल २०२२ पासूनच दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसून राहू नये. ट्रॅक्टरमालक सीमेपलीकडचा, कर्नाटकातला असला तरी बेळगावला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. जखमी माणूस राहतो तिथे दावा चालतो, म्हणजे तुमच्या आजऱ्यासाठी गडहिंग्लजला.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर दाखल्यावर पायाचं अपंगत्व अमुक टक्के असं लिहितील आणि सगळे त्या आकड्याकडे बघत बसतील. कायदा बघतो ते वेगळं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन गोष्टी आहेत. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. त्याच निकालात आयत्या मिळणाऱ्या दाखल्यांबद्दल दावा प्राधिकरणांना सावध केलंय. म्हणून ज्यांनी दादावर उपचार केले त्याच डॉक्टरांची साक्ष व्हायला हवी, नुसता कागद पुरत नाही.

हिशोब करून बघा. दादाचं वय ३८. महिन्याची कमाई १५ हजार धरली तर वर्षाची १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात, ते झाले २ लाख ५२ हजार. सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये ठरलेल्या तक्त्यानुसार या वयाला गुणक १५, म्हणजे ३७ लाख ८० हजार. त्यातलं कमाईचं नुकसान १० टक्के धरलं तर हातात ३ लाख ७८ हजार. ३० टक्के धरलं तर ११ लाख ३४ हजार. गुडघा तोच आहे. दादा काय काम करत होता हे न्यायाधीशांसमोर किती नीट आलं, त्यावर हा फरक पडतो.

इथेच शेतकरी माणूस हरतो. जबाबात तो "शेती करतो" एवढंच सांगतो आणि सातबारा पुढे करतो. समोरचे वकील म्हणतात, जमीन तर जागेवरच आहे, बुडालं काय? शेतकऱ्याच्या मृत्यूच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये म्हटलंय की जमीन वारसांकडेच राहते, मोजायचं ते त्या माणसाच्या कष्टाचं आणि देखरेखीचं नुकसान. तेव्हा मोजायचे ते कष्ट सांगावे लागतात. घनसाळ भाताची रोपलावण पावसात, पोटरीभर चिखलात वाकून करायची असते. चिखलणीत पाय रुतला की गुडघ्याच्या जोरावरच तो उपसावा लागतो. भांगलण उकिडवं बसून. म्हशीची धार काढायची तर दोन्ही गुडघ्यांत बादली धरून. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उतरायचं. यातलं एकही काम न वाकणाऱ्या गुडघ्याने होत नाही, आणि आजऱ्याबाहेरच्या माणसाला हे आपोआप कळणार नाही.

कमाईचा पुरावाही घरातच आहे. दूध संस्थेची दर दहा दिवसांची बिलं अपघाताआधीच्या वर्षाची आणि नंतरची, दोन्ही काढा. गोठ्यातल्या म्हशी कमी झाल्या असतील तर ते बिलात दिसतं. कारखान्याने जमा केलेल्या ऊसबिलाची बँकेची नोंद घ्या. या पावसात जे गडी लावले त्यांची मजुरी वहीत लिहा आणि त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या.

तुमचे कष्टही यात येतात, वहिनी. अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्याचा खर्च हा भरपाईतला स्वतंत्र भाग आहे. घरच्याच बाईने केलं म्हणून तो शून्य होत नाही. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरातल्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं होतं. रक्कम आज तोकडी वाटते, पण घरकामाला दर लागतो हे मान्य झालं. दादाला उठवण्या-बसवण्यासाठी तुम्ही काजू कारखान्यातली रोजी सोडलीत, तेही वकिलांना सांगा.

लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तर तिथल्या तिथे मान डोलवू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. प्राधिकरणाचा निकाल मात्र पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सर्किट बेंच इथे कोल्हापुरातच बसतं.

पुढच्या आठवड्यात गडहिंग्लजला जायचं ठरलं तर एसटीने दादाचे हाल करू नका. पहिल्या भेटीला तुम्ही आणि थोरला मुलगा गेलात तरी चालेल; वकीलपत्रावर सही नंतर घेता येते. फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं आणि दादाच्या कामांची यादी बरोबर असू द्या. यादी दादालाच सांगायला लावा आणि मुलाला लिहून घेऊ द्या.

कळावे,
तुमचा धाकटा दीर