एका सोनाटातील तीन भाव

हार्पसिकॉर्ड हे वाद्य मोठे हट्टी आहे. कळ दाबली की पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते. बोट हलके ठेवा वा जोराने आपटा, नाद जवळजवळ तेवढाच उमटतो. पियानोसारखे कुजबुजणे वा गरजणे त्याला साधत नाही. तरीही डॉमेनिको स्कार्लाती याने ५५५ सोनाटा लिहिल्या, त्यांतील बहुतेक याच वाद्यासाठी. नादाचे चढउतार नसल्याने भाव बदलायचा तो लयीने, स्वरांच्या दाटीने आणि मधल्या स्तब्धतेने.

स्कार्लातीचा जन्म १६८५ साली नेपल्स येथे झाला. लिस्बनला तो राजकन्या मारिया बार्बराचा संगीतशिक्षक होता. १७३८ साली छापलेल्या तीस सोनाटा त्याने तिचे वडील, पोर्तुगालचे राजे पाचवे जॉन यांना अर्पण केल्या. पुढच्याच वर्षी या राजाच्या हातून आपली वसई गेली.

त्याची ५१३ क्रमांकाची सोनाटा ‘पास्तोराल’, म्हणजे मेंढपाळांची. आरंभ संथ, झोके घेत चालणारा. मला तो किंचित उदास वाटतो. मग लय वाढते आणि सुरावटीखाली एकच स्वर धरून ठेवलेला ऐकू येतो. नाताळच्या दिवसांत इटलीतील मेंढपाळ डोंगर उतरून शहरात येत व मरियामातेच्या चित्रापुढे मशकवाद्य वाजवीत. त्याचाच हा आवाज. आमच्या दुधनीकडच्या माणसाला तो परका वाटू नये. सोलापूर जिल्ह्यात सनई वा सुंदरी वाजते तेव्हाही मागे असाच ‘सूर’ धरलेला असतो. उत्तरार्धात मात्र सोनाटा धावू लागते, जणू नाचू लागते.

२०१४ साली वडील गेले. त्या नाताळात घरी गव्हाण मांडावी की नाही, यावर आम्हा भावंडांत वाद झाला. आईने काही न बोलता कडबा आणून पसरला आणि रात्री नातवंडांबरोबर गाणीही म्हटली. शेजारणीला नवल वाटले. मला मात्र तिच्या गाण्याखाली वडिलांच्या आठवणीचा सूर अखंड ऐकू येत होता.

या सोनाटात संथ आरंभ पुन्हा परतून येत नाही. पण जी पट्टी घेऊन ती निघते त्याच पट्टीत, नाचता नाचता, ती विसावते. शोक करणाऱ्या घराने नाताळ कसा साजरा करावा, याचे उत्तर आईला ती सोनाटा न ऐकताच ठाऊक होते.